मापातले पाप आणि मुलाखतीतला विनोद

पावसाने दगा दिलेल्या एका वर्षी, सेलू-मानवत भागातल्या एका जिनिंगच्या आवारात, कापसाच्या गाड्यांच्या रांगेत मी एका नातेवाइकासोबत उभा होतो. खरेदीदाराच्या माणसाने आमच्या पुढच्या ट्रॉलीतल्या कापसात ओलावा मोजायचे यंत्र खुपसले, त्यावरचा आकडा स्वतःशीच वाचला आणि ओल जास्त भरल्याचे सांगून क्विंटलमागचा भाव उतरवला. ट्रॉलीचे मालक सत्तरीच्या घरातले होते. ते क्षणभर त्या यंत्राकडे पाहत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "रानात टिपूस न्हाई, अन् कापसात ओल निघाली व्हय!" रांगेत हशा पिकला.

या वाक्यात शिवी नाही आणि कोणावर आरोपही नाही. खरेदीदार लबाड आहे असे ते गृहस्थ म्हणाले नाहीत, कारण तसे म्हटले असते तर वाद त्यांच्या तोंडाळपणावर गेला असता. त्यांनी कोरडे रान आणि ओला कापूस एवढ्या दोनच गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांची बेरीज करण्याचे काम ऐकणाऱ्यांवर सोपवले. कापसात ओल असूच शकत नाही असे अर्थातच नाही. पहाटेच्या दवात वेचलेला माल ओलावा धरतो, आणि सरकारी खरेदीतही ८ टक्के ओलावा प्रमाण धरून १२ टक्क्यांपर्यंतचा माल कपात करून घेतला जातो. म्हणजे मोजणी हा मुद्दा नव्हता. मोजायचे यंत्र कोणाच्या हातात आहे आणि त्यावरचा आकडा कोणाला दिसतो, हा मुद्दा होता.

क्रांतिकारी नेते मुलाखतींमध्ये भांडवलशाहीवर विनोदाने टीका करतात तेव्हा नेमके काय घडते, हे समजून घ्यायला ही रांग मला पुरेशी वाटते. भांडवलशाही म्हणजे सोप्या शब्दांत अशी व्यवस्था, की जिच्यात जमीन, कारखाने, यंत्रे आणि पैसा ही उत्पादनाची साधने खाजगी मालकीची असतात, ज्यांच्याकडे ती नसतात त्यांना आपले श्रम विकून जगावे लागते, आणि काय पिकवायचे वा बनवायचे हे मुख्यतः नफा पाहून ठरते. या व्यवस्थेवर आक्षेप घेणाऱ्या माणसाला मुलाखतीत जे प्रश्न विचारले जातात, त्या प्रश्नांच्या पोटात बहुधा व्यवस्थेचीच गृहीतके असतात. "तुम्ही कट रचता आहात का?", "कर्ज फेडणार नाही म्हणता, मग तुमची पत काय राहील?", "तुम्ही एवढे गरीब कसे?" असे प्रश्न वरवर साधे दिसतात, पण त्यांतला प्रत्येक प्रश्न हा आधीच लावून ठेवलेला वजनकाटा असतो. सरळ उत्तर देणारा नेता त्या काट्यावर आपला माल चढवतो. हजरजबाबी नेता आधी काटा तपासतो. 'मापात पाप' हे आपल्याकडचे शब्द त्यासाठी फार नेमके आहेत.

याचे एक जुने आणि अजूनही ताजे वाटणारे उदाहरण कार्ल मार्क्सचे आहे. १८७१च्या मे महिन्यात पॅरिसमधले कामगारांचे सरकार, म्हणजे पॅरिस कम्यून, रक्तपात करून चिरडण्यात आले होते आणि त्यामागे लंडनमधून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा गुप्त हात होता, असे युरोपातली वर्तमानपत्रे लिहीत होती. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या दैनिकाचा प्रतिनिधी आर. लँडोर मार्क्सच्या लंडनमधल्या घरी गेला. दिवाणखाना पाहून तो चकित झाला, कारण ती खोली त्याला चांगले कमावलेल्या शेअर दलालाची शोभली असती अशी वाटली. बाजूच्या टेबलावरच्या फुलदाणीत बाँब आहे का हे आपण हळूच डोकावून पाहिले, पेट्रोलियमचा वास येतो का तेही हुंगून पाहिले, पण वास गुलाबांचा होता, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. मुलाखत घेणाराही विनोदात कमी नसतो, हे इथे नोंदवायला हवे.

मग लँडोरने संघटनेभोवतीच्या गूढाचा विषय काढला. मार्क्सचे उत्तर असे होते की, इथे उकलायचे गूढ काही नाही. असलेच तर ते माणसाच्या मूर्खपणाचे, कारण आमची संघटना उघड काम करते आणि तिच्या कामकाजाचे वृत्तान्त छापले जातात, याकडे लोक सतत डोळेझाक करतात. आमची नियमावली एका पेनीला मिळते, आणि एक शिलिंग खर्चून पत्रके घेतलीत तर आम्हाला आमच्याविषयी जेवढे ठाऊक आहे जवळपास तेवढे तुम्हालाही कळेल, असेही तो म्हणाला. लँडोर चलाख होता. त्याने तो 'जवळपास' हा शब्दच धरला आणि विचारले की, जे थोडे कळायचे राहील तेच तर सगळ्यांत महत्त्वाचे नसेल ना?

मार्क्सच्या उत्तरातली गंमत किमतीत आहे. ज्या समाजात प्रत्येक गोष्टीला भाव असतो, त्या समाजाला त्याने कटाचाही भाव सांगितला, आणि तोही सर्वांत स्वस्त नाण्यांच्या पंक्तीतला. बारा पेन्यांची एक शिलिंग होते, हे ध्यानात घेतले की पूर्ण 'गुपित' तेरा पेन्यांत पदरात पडते. मालकांनी एकत्र बसून भाव ठरवले तर तो व्यापार आणि मजुरांनी एकत्र बसून मजुरी ठरवली तर तो कट, हे प्रश्नातले गृहीतक त्याने भाषण न करता उघडे पाडले. पुढे १८७९मध्ये छापून आलेल्या मुलाखतीत 'शिकागो ट्रिब्यून'च्या प्रतिनिधीने त्याच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या भडक वक्तव्यांविषयी विचारले, तेव्हा माझ्याविषयी जे जे बोलले आणि लिहिले जाते ते सगळे नाकारायचे ठरवले तर मला वीसेक चिटणीस ठेवावे लागतील, असे तो म्हणाला. चिटणिसांची फौज ठेवण्याची ऐपत नसलेल्या लेखकाच्या तोंडी हे वाक्य अधिकच खुलते.

विनोदाची अडचण अशी की तो भाषेत रुजलेला असतो, आणि दुभाष्याच्या हातून निसटू शकतो. १९४६च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी पत्रकार ॲना लुईस स्ट्राँग यांनी चीनमधल्या येनानमध्ये माओची मुलाखत घेतली, तेव्हा हिरोशिमाला एकच वर्ष झाले होते. अणुबाँबच्या धाकाविषयी बोलताना माओने 'कागदी वाघ' हे शब्द वापरले, आणि दुभाष्याने त्यांचे भाषांतर आधी चक्क 'बुजगावणे' असे केले. माओने बोलणे थांबवून स्ट्राँग यांना काय समजले ते विचारले आणि हा अर्थ मान्य केला नाही. कागदी वाघ म्हणजे पाखरे हाकलायला शेतात उभे केलेले निर्जीव बाहुले नव्हे, तो लहान मुलांना भिववतो, तो दिसतो खऱ्या वाघासारखा, पण लगद्याचा असल्यामुळे ओल लागली की मऊ पडतो आणि जोराच्या पावसात वाहून जातो, असा त्याचा खुलासा होता.

ज्वारीच्या रानात बुजगावणे पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हा फरक लगेच कळावा. बुजगावणे मालकानेच उभे केलेले असते आणि त्याला ते खोटे आहे हे ठाऊक असते. कागदी वाघाला मात्र आपण वाघ आहोत असेच वाटत असते, आणि त्याच्या बळाचा बराचसा भाग बघणाऱ्याच्या भीतीतून आलेला असतो. म्हणजे माओची ही प्रतिमा भांडवली सत्तेविषयी एक पूर्ण सिद्धान्त सांगते, की ती आज भयंकर दिसते पण काळाच्या पावसात टिकणारी नाही. सिद्धान्त खरा की खोटा हा वेगळा प्रश्न. मराठीत हा शब्दप्रयोग इतका मुरला की आज ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही एक पॅनल दुसऱ्याला कागदी वाघ म्हणते, आणि तो येनानच्या डोंगरातून इथवर आला याची कोणाला आठवणही नसते.

आता ज्याच्याविषयी मला मनापासून सांगायचे आहे तो माणूस म्हणजे बुर्किना फासोचा थॉमस संकारा. पश्चिम आफ्रिकेतला हा गरीब, कोरडवाहू, कापूस पिकवणारा देश. त्याचे पूर्वीचे नाव अप्पर व्होल्टा. संकारा १९८३मध्ये सत्तेवर आला, मंत्र्यांच्या मर्सिडीज गाड्या जाऊन त्यांच्या जागी छोट्या रेनो गाड्या आल्या, आणि अधिकाऱ्यांनी देशात विणलेल्या सुती कापडाचे कपडे घालावेत असा आग्रह सुरू झाला. साम्राज्यवाद कुठे असतो असे विचारणाऱ्यांना तो म्हणायचा, जेवताना आपल्या ताटात पाहा. त्यातले परदेशातून आलेले तांदळाचे, मक्याचे, बाजरीचे दाणे म्हणजेच साम्राज्यवाद, त्यापलीकडे शोधायला जाऊ नका. ज्या शब्दासाठी अभ्यासवर्गात दोन तास जातात तो शब्द त्याने घासाएवढा केला.

त्याचे सर्वांत गाजलेले बोलणे मुलाखतीतले नसून २९ जुलै १९८७ रोजी अदिस अबाबात आफ्रिकी एकता संघटनेच्या परिषदेतले आहे, पण ते ध्वनिचित्रमुद्रणात ऐकले तर समोरच्या राष्ट्रप्रमुखांशी मारलेल्या गप्पांसारखेच वाटते. परदेशी कर्जाविषयी तो म्हणाला की, आपण कर्ज फेडले नाही तर आपले सावकार मरणार नाहीत, याची खात्री बाळगा; पण फेडले तर आपण मात्र नक्की मरू. पुढे त्याने या साऱ्या व्यवहाराची तुलना जुगाराच्या अड्ड्याशी केली. ज्यांनी आपल्याला कर्जात ढकलले ते जुगार खेळत होते. जिंकत होते तोवर कोणाची तक्रार नव्हती, आता हरले तर आपल्याकडे भरपाई मागतात, असा त्याचा युक्तिवाद होता.

मराठवाड्यात कर्ज हा विनोदाचा विषय नाही. ज्या घरात कर्जापायी माणूस गेला आहे त्या घराच्या अंगणात उभे राहून हे वाक्य उच्चारता येणार नाही, हे मी जाणून आहे. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, त्यातला तर्क इथल्या वाचकाला कोणत्याही अर्थतज्ज्ञापेक्षा लवकर कळतो. पेरणीच्या वेळी कर्ज देणाऱ्याने पावसाचा धोका हिशेबात धरून व्याज लावलेले असते. मग पाऊस न पडल्याचा सगळा तोटा एकट्या घेणाऱ्याच्याच माथी का, हा तो प्रश्न आहे. नफ्याचे कारण म्हणून धोका सांगायचा आणि धोका प्रत्यक्षात उतरला की तो दुसऱ्यावर ढकलायचा, ही विसंगती संकाराने जुगाराच्या उपमेतून दाखवली. कर्ज फेडणे ही नीतीची बाब आहे, या गृहीतकाचा काटा त्याने उलटा धरला.

त्याच भाषणात त्याने आपल्या शिष्टमंडळाचे कपडे दाखवले. आमचा कापूस, आमचे विणकर, आमचेच शिंपी, यात बाहेरचा एक धागा नाही असे सांगून, मी काही कपड्यांचे प्रदर्शन मांडायला आलेलो नाही, अशी कोपरखळीही मारली. परभणी-जालन्याचा कापूस गाठी होऊन बाहेर जातो आणि शर्ट होऊन परत येतो, या प्रवासात आपल्या वाट्याला किती येते हे ज्याने विक्रीच्या हिशेबपट्टीवर पाहिले आहे, त्याला त्या कपड्यांचा विनोद समजावून सांगावा लागत नाही. आणि याच भाषणात त्याने जाता जाता म्हटले की, एकट्या बुर्किना फासोने कर्ज फेडायला नकार दिला तर पुढच्या परिषदेला मी इथे नसेन. सभागृहात हशा झाला. अडीच महिन्यांनी, १५ ऑक्टोबर १९८७ रोजी, त्याच्या राजधानीतच त्याची हत्या झाली.

चे गव्हेरा याच्याकडे लगेच वळायचे तर त्याचा सर्वांत बोलका विनोद बोललेला नाहीच. १९५९च्या अखेरीस तो क्यूबाच्या राष्ट्रीय बँकेचा प्रमुख झाला आणि नोटांवर त्याने नुसते 'चे' एवढेच टोपणनाव सही म्हणून केले, जणू नोटेवर कोणी 'बापू' अशी सही करावी. पैशाविषयीचा सगळा आदर त्या एका अक्षरात उतरवून ठेवलेला होता. इथे कोणी चांगला इकॉनॉमिस्ट आहे का असे क्यूबाचा नेता फिडेल कास्त्रोने विचारले आणि चेने 'कम्युनिस्ट' ऐकून हात वर केला, म्हणून तो बँकेवर गेला, ही गोष्ट मात्र सांगोवांगीची समजावी.

मेक्सिकोच्या सबकमांडर मार्कोसचा विनोद वेगळ्या जातीचा, कारण तो बाजाराचीच भाषा उसनी घेतो. १ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापार करार ज्या दिवशी लागू झाला त्याच दिवशी, चियापास राज्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या झापातिस्ता सेनेने काही शहरे ताब्यात घेतली. सान क्रिस्तोबालमध्ये अडकलेल्या पर्यटकांना त्या सेनेचा प्रवक्ता असलेल्या, तोंडावर लोकरी टोपी ओढलेल्या या माणसाने सांगितले, गैरसोयीबद्दल क्षमस्व, पण ही क्रांती आहे. रस्ता उकरून ठेवलेल्या प्रत्येक चौकात आपण जी पाटी वाचतो, तीच ही भाषा. चेहरा का झाकला या प्रश्नावर, जे फार देखणे असतात त्यांना स्वतःला जपावे लागते, असे त्याचे उत्तर होते. आणि सरकारने बंडखोरांना माफी देऊ केली तेव्हा त्याने लिहिले की, आम्ही माफी कशाची मागायची? उपाशी मेलो नाही याची? इथे हसू ओठांपर्यंत येते आणि तिथेच थिजते. नंतर त्याने दुरितो नावाचा एक भुंगा आपल्या लेखनात आणला, जो नवउदारमतवादाचा, म्हणजे सरकारने मागे सरून सगळे बाजारावर सोपवावे या विचाराचा, अभ्यास करीत बसलेला असतो, कारण हा लढा किती वर्षे चालेल हे कळले तर भुंग्यांना सैनिकांच्या बुटांखाली न येण्याची खबरदारी किती काळ घ्यायची हे ठरवता येईल. पैठणच्या नाथांची भारुडे ऐकत वाढलेल्या माणसाला विंचवा-भुंग्यांच्या निमित्ताने मोठी गोष्ट ऐकण्याचे नवल वाटू नये.

उरुग्वेच्या होसे मुहिका यांची मुलाखत घेणारे बहुधा एकच विशेषण घेऊन जात, जगातले सर्वांत गरीब राष्ट्राध्यक्ष. तुपामारो या सशस्त्र गटात वावरलेला आणि जवळपास १४ वर्षे तुरुंगात काढलेला हा माणूस २०१० ते २०१५ या काळात राष्ट्राध्यक्ष होता, राहायला आपल्या शेतातल्या साध्या घरात आणि फिरायला १९८७ची फोक्सवॅगन बीटल. 'गरीब' या शब्दावर ते म्हणत की मी गरीब नाही. गरीब ते, जे महागडी राहणी टिकवण्यासाठीच राबतात आणि ज्यांना कायम आणखी हवे असते. त्याहून खोल वाक्य दुसरे आहे. तुम्ही एखादी वस्तू विकत घेता तेव्हा ती पैशाने घेत नाही, ते पैसे मिळवायला आयुष्याचा जो वेळ गेला त्या वेळाने घेता.

हे वाक्य समाजमाध्यमांवर सूर्यास्ताच्या चित्रावर छापून फिरते, तेव्हा त्याची धार जाते आणि ते काटकसरीचा उपदेश वाटू लागते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुराच्या संदर्भात ते वाचले की धार परत येते. तिथे मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतली जाते, म्हणजे यायच्या महिन्यांचे श्रम आधीच विकले जातात, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या नि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही गहाण पडतो. आजारपणात दिवस बुडाला तर त्याचा खाडा धरला जातो. नवरा-बायकोच्या जोडीला हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. दोन जिवंत माणसे आणि त्यांच्या वहीतल्या नोंदीला नाव एका अवजाराचे! श्रम ही विकत घ्यायची वस्तू होते म्हणजे काय, हे समजावायला मला याहून नेमके मराठी उदाहरण सापडलेले नाही. मुहिका यांनी २०१२च्या जूनमध्ये रिओच्या पर्यावरण परिषदेत विचारलेला प्रश्नही आपल्याशीच निगडित होता. जर्मन कुटुंबांकडे ज्या प्रमाणात मोटारी आहेत त्या प्रमाणात भारतीयांकडे आल्या, तर आपल्याला श्वास घ्यायला किती प्राणवायू उरेल?

व्हेनेझुएलाचे ऊगो चावेझ २००९मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत म्हणाले की हवामान ही एखादी बँक असती तर तिला एव्हाना वाचवले गेले असते. वर्षभरापूर्वीच बुडत्या बँकांना सरकारांनी तारले होते, म्हणून वाक्य बसले. ते आपण रस्त्यावरच्या फलकांवर वाचल्याचे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलेही. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा हे वाक्य मला पुन्हा आठवले होते. पण त्याबरोबर हेही आठवले, की चावेझ यांच्या देशाचा सगळा डोलारा तेल विकण्यावर उभा होता.

विनोदाचे खरे कसोटीचे ठिकाण इथे येते. सत्तेबाहेरचा माणूस विनोद करतो तेव्हा तो काटा तपासत असतो. तोच सत्तेत बसला की काटा त्याच्या हातात येतो, आणि त्याच विनोदाने प्रश्न टाळताही येतो. १९७९मध्ये न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात, तुम्ही बुलेटप्रूफ जाकीट घालता का असे विचारल्यावर फिडेल कास्त्रो यांनी सदऱ्याची बटणे उघडून छाती दाखवली आणि आपण नैतिक जाकीट घालतो असे सांगितले. प्रसंग झकास आहे, पण त्यातून क्यूबातल्या दुकानांसमोरच्या रांगांविषयी काहीच कळत नाही. कागदी वाघाची झकास प्रतिमा देणाऱ्या माओच्याच राज्यात १९५९ ते १९६१च्या दुष्काळात कोट्यवधी माणसे भुकेने मेली. स्टालिनच्या काळात तर विनोद सांगितल्याबद्दल माणसे छावण्यांत गेली. पूर्व युरोपातल्या लोकांनी याचे उट्टे आपल्या पद्धतीने काढले. भांडवलशाहीत माणूस माणसाचे शोषण करतो आणि साम्यवादात याच्या अगदी उलट असते, हा त्यांच्यातला निनावी विनोद मला वरच्या सर्व नेत्यांच्या वाक्यांच्या तोडीचा वाटतो.

आणखी एक सावधगिरी. चांगल्या वाक्याला मोठे नाव चिकटते. भांडवलदार आपल्याच फाशीचा दोर आपल्याला विकतील, हे लेनिनच्या नावावर सर्रास दिले जाणारे वाक्य त्याच्या छापील लेखनात सापडत नाही. वाक्य चटकदार आहे म्हणून ते पुढे पाठवणारे आणि ते खोडून काढणारे, दोघेही मग जे बोललेच गेले नाही त्यावर भांडत बसतात.

जिनिंगच्या आवारातल्या त्या वाक्यावर खरेदीदाराचा माणूसही हसला होता. पट्टीवरचा भाव त्याने बदलला नाही. ट्रॉली पुढे सरकली, आमची गाडी काट्याजवळ आली, आणि माझा नातेवाईक, जो एरवी कोणासमोर फारसा बोलत नाही, त्या माणसाला म्हणाला, "जरा यंत्र इकडं वळवा, आकडा आम्हालाबी दिसू द्या."